डोळ्याचा पडदा स्वतःची स्टिरॉइड्स स्वतः बनवतो

गोदाकाठची

परवा वडिलांच्या डोळ्यात इंजेक्शन दिलं. मधुमेह जुना, रेटिनाला म्हणजे डोळ्याच्या पडद्याला सूज, नेहमीची इंजेक्शनं घेऊनही ती उतरेना, म्हणून डॉक्टरांनी या वेळी स्टिरॉइडचं सुचवलं. घरी पंचवटीत पोचतो न पोचतो तोच आत्या, काका, शेजारच्या काकू, सगळ्यांचा एकच सूर : "स्टिरॉइड? आणि तेही डोळ्यात? तुम्ही हो म्हणालातच कसे?" वडील घाबरून गेले. रात्री धड जेवलेही नाहीत. मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. त्या रात्री त्यांच्या उशाशी बसून जे बोलले तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. हा विषय मला फार जवळचा आहे आणि मराठीत त्यावर वाचायला जवळजवळ काही मिळत नाही.

आधी रेटिना म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणू. आमच्या प्राणिशास्त्राच्या बाई दरवर्षी मुलांना बोकडाचा डोळा उघडून दाखवतात, मीही जाऊन उभी राहते. ब्लेडने गोल काप घेतला की आतला पारदर्शक गर अर्धवट जमलेल्या चायना ग्राससारखा बशीत उतरतो. मागे उरते एक वाटी, आतून निळसर-हिरवी चमकणारी. आणि त्या चमकेवर दुधावरच्या सायीसारखा एक करडा-पांढरा पापुद्रा. ब्रशच्या टोकाने ढकलला की तो सुरकुतत सगळीकडून सुटतो, फक्त एका ठिकाणी सुटत नाही. जिथून डोळ्याची नस मागे मेंदूकडे जाते तिथे तो लोंबकळत राहतो. ती साय म्हणजे रेटिना.

तो तिथेच का अडकतो, याचं उत्तर गर्भात आहे. गर्भाच्या पुढच्या मेंदूलाच दोन फुगे येतात, ते पुढे सरकतात, वाटीसारखे आत दुमडतात आणि त्यातून रेटिना तयार होतो. म्हणजे रेटिना हा मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा आहे. तेव्हा मेंदूबद्दल जे खरं ते इथेही खरं असेल का, हा प्रश्न पडणं साहजिक.

मेंदूबद्दलची गोष्ट १९८१ची. एतिएन-एमिल बोलियू हे फ्रेंच शास्त्रज्ञ. उंदरांच्या मेंदूत त्यांना डीएचईए-सल्फेट हे स्टिरॉइड सापडलं, तेही रक्तातल्यापेक्षा जास्त प्रमाणात. स्टिरॉइड हॉर्मोन्स बनवणारे अवयव म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी, वृषणं आणि बीजांडकोश, असं तोवरचं पुस्तक सांगायचं. त्यांनी ॲड्रिनल ग्रंथी आणि वृषणं काढून टाकली. मेंदूतलं प्रमाण टिकून राहिलं. म्हणजे ते बाहेरून येत नव्हतं. अशा स्टिरॉइड्सना 'न्यूरोस्टिरॉइड' हे नाव त्यांनीच दिलं.

आणि १९९४ साली उंदराच्या रेटिनावरचं काम प्रसिद्ध झालं. शरीरापासून वेगळा काढलेला रेटिनासुद्धा स्टिरॉइड बनवतो हे त्यात दिसलं. रक्तपुरवठा नाही, ग्रंथी नाहीत, तरी काम चालू.

हे घडतं कसं? सगळ्या स्टिरॉइड्सचा कच्चा माल एकच, कोलेस्टेरॉल. ज्याला आपण रिपोर्टमध्ये नावं ठेवतो तेच. पेशीतल्या माइटोकाँड्रियाला, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागाला, दोन आवरणं असतात. कोलेस्टेरॉल बाहेरच्या आवरणापर्यंत सहज पोचतं, पण कात्री आहे आतल्या आवरणावर. मधला पाणथळ भाग त्याला आपला आपण ओलांडता येत नाही, कारण ते तेलकट. त्याला पलीकडे नेणारं मुख्य प्रथिन म्हणजे स्टार, आणि टीएसपीओ या प्रथिनाचाही त्यात हात असल्याचं मानतात, त्यावर वाद आहे. सगळ्या कारखान्याचा वेग या पलीकडे नेण्यावर ठरतो. पलीकडे पोचलं की कात्री, म्हणजे पी४५०-एससीसी हे एन्झाइम, कोलेस्टेरॉलची शेपटी कापतं आणि प्रेग्नेनोलोन तयार होतं. रेटिनात ही कात्री मुख्यतः गँग्लियन पेशींच्या थरात सापडली. या पेशींचे लांब तंतू एकत्र येऊनच डोळ्याची नस बनते. काचबिंदूत मरतात त्याही याच पेशी.

इथून पुढचं मला सगळ्यात विलक्षण वाटतं. प्रेग्नेनोलोन ही आई. तिच्यावर सल्फेटचा गट बसला की प्रेग्नेनोलोन सल्फेट होतं, ते एनएमडीए नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चेव आणतं. पेशी उत्तेजित होतात, आणि ते प्रमाणाबाहेर गेलं तर पेशी दगावतात. तीच आई दुसऱ्या वाटेने गेली की आधी प्रोजेस्टेरॉन आणि मग ॲलोप्रेग्नॅनोलोन. हे गाबा रिसेप्टरला बळ देतं, पेशी शांत करतं. एकाच घरातून एक गाडीचा ॲक्सिलरेटर निघतो आणि एक ब्रेक. त्याशिवाय टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्राडायोल करणारं ॲरोमाटेजही रेटिनात आहे, आणि प्रयोगात तरी इस्ट्राडायोल या पेशींना वाचवताना दिसतं.

हे ऐकून वडील म्हणाले, "म्हणजे माझ्या डोळ्याला हे परकं नाही." आणि झोपले.

---

निफाडची थंडी

फार सुंदर लिहिलंय. सायीचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. एक शंका : रेटिना एवढासा, त्यात बनणारं स्टिरॉइड ते किती असणार? त्याचा उपयोग काय?

---

गोदाकाठची

अगदी सूक्ष्म प्रमाण. पण ते रक्तात सोडायचंच नसतं. बनवणारी पेशी आणि वापरणारी पेशी एकमेकींना खेटून आहेत, म्हणून थोडं पुरतं.

उपयोगाचं एक उदाहरण देते. उंदराचा रेटिना बाहेर काढून द्रवात ठेवला आणि त्यावर काचबिंदूसारखा जास्त दाब दिला, तर त्यात ॲलोप्रेग्नॅनोलोनचं प्रमाण वाढतं. संकट आल्यावर रेटिना स्वतःच ब्रेक दाबतो. ते बनू दिलं नाही तर पेशींची हानी वाढते, आणि वरून दिलं तर कमी होते. टीएसपीओला चालना दिली तरी संरक्षण मिळतं. हे सगळं प्रयोगशाळेतल्या रेटिनावरचं, माणसाच्या डोळ्यासाठी असं औषध अजून नाही. मात्र मेंदूच्या बाबतीत हे बाजारापर्यंत पोचलंय : बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर अमेरिकेत २०१९ साली मंजूर झालेलं औषध म्हणजे हेच ॲलोप्रेग्नॅनोलोन, शिरेतून साठ तास देत असत, २०२४ अखेर कंपनीने ते बंद केलं. २०२३ मध्ये त्याच घराण्यातली तोंडाने घ्यायची गोळीही आली.

---

चष्मेवाली

ताई, लेख अप्रतिम. पण शीर्षक वाचून मला धडकी भरली, आणि ते स्पष्टच लिहिते.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, इंदिरानगरमध्ये बसते. मागच्या उन्हाळ्यात बारा वर्षांचा एक मुलगा आला. डोळे सतत खाजायचे, लाल व्हायचे. घरच्यांनी मेडिकलमधून "ते लालीवरचे ड्रॉप्स" आणले. दोन दिवसांत लाली गेली, खाज गेली. मग काय, खाज आली की ड्रॉप्स. दीड वर्ष. चिठ्ठी कुणी मागितली नाही, विचारलंही नाही. बाटलीत स्टिरॉइड होतं. मुलगा माझ्याकडे आला तो फळ्यावरचं दिसत नाही म्हणून, चष्म्याचा नंबर काढायला. मी डोळ्यातलं प्रेशर मोजलं, ३८. मला वाटलं माझं चुकलं, परत मोजलं. ३८च. नॉर्मल साधारण १० ते २१ (मिलिमीटर पाऱ्यात मोजतात). नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं तेव्हा बाजूची नजर बरीच गेलेली होती. ती परत येत नाही. त्याच्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि एका बारीक चाळणीतून बाहेर जातं. स्टिरॉइडने ती चाळणी काही लोकांत तुंबते. साधारण तिघांत एकाचं प्रेशर थोडंफार वाढतं, आणि शंभरात चार-सहा जणांचं खूप. दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही. "डोळा स्वतःच स्टिरॉइड बनवतो" एवढंच वाचून कुणी उद्या ड्रॉप्स घालू नयेत.

---

गोदाकाठची

चष्मेवाली, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. माझी चूक मान्य. वडिलांची भीती घालवायच्या नादात मी एक गोष्ट सांगितलीच नाही. रेटिनातली न्यूरोस्टिरॉइड्स आणि बाटलीतलं किंवा इंजेक्शनमधलं स्टिरॉइड हे एकाच घराण्यातले, पण काम वेगळं. औषधातली डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड्स ही कॉर्टिसोलच्या, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींच्या हॉर्मोनच्या जातीची. ती सूज दाबतात. रेटिनातलं ॲलोप्रेग्नॅनोलोन सूज दाबायला नाही, नसांची भाषा हळू करायला आहे. सांगाडा एक, चार कड्यांचा, पण त्यावर कुठे काय लटकतंय त्यावरून सगळं बदलतं.

वडिलांना आत ठेवलेला औषधाचा बारीक तुकडा आहे, तो तीन-चार महिने हळूहळू झिरपतो. त्यांचं प्रेशर कधी तपासायचं?

---

चष्मेवाली

डॉक्टरांनी तारीख दिली असेलच. अशा तुकड्यानंतर प्रेशर बहुधा सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सगळ्यात जास्त चढतं. ती तारीख चुकवू नका, "आता बरं दिसतंय" म्हणून तर अजिबात नको. मोतीबिंदूही लवकर पिकू शकतो. इतकं असूनही ज्यांना गरज आहे त्यांनी इंजेक्शन नाकारू नये. नुसत्या सुजेनेसुद्धा नजर जाते.

---

दिंडोरीचा द्राक्षवाला

आमचा विषय द्राक्षाचा, पण हे वाचताना आमचीच बाग दिसली. ताई, आम्हीही हॉर्मोनवरच जगतो. फळछाटणीनंतर घड पोपटी झाला की जीए दहा पीपीएम, पुढे पंधरा. मणी तीन-चार मिलिमीटरचे झाले की डिपिंग, बायका एकेक घड मगात बुडवत जातात. त्यात 'ब्रासिनो' पण टाकतो. पाच दिवस उशीर झाला किंवा पीपीएम चुकलं तर अख्ख्या प्लॉटचं गणित बिघडतं. माझा पहिला सीझन असाच गेला होता, घडाचा देठ लाकडासारखा झाला. जीए पण स्टिरॉइडच का?

---

गोदाकाठची

दादा, प्रश्न नेमका विचारलात. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, ते स्टिरॉइड नाही. पण ब्रासिनो आहे! झाडांची स्वतःची स्टिरॉइड हॉर्मोन्स असतात, त्यांना ब्रासिनोस्टिरॉइड म्हणतात. पहिलं १९७९ साली मोहरीच्या घराण्यातल्या रेप नावाच्या पिकाच्या परागकणांतून वेगळं केलं. मधमाश्यांनी गोळा केलेले सुमारे २२७ किलो परागकण लागले, हाती आलं ४ मिलिग्रॅम. आत्ता तुमच्या टाकीत जे आहे ते त्याच घराण्यातलं, आणि रेटिनातल्या प्रेग्नेनोलोनचं दूरचं नातेवाईक. चार कड्यांचा सांगाडा जवळजवळ तोच.

तुमचं पीपीएमचं वाक्य मी वर्गात वापरणार आहे.

---

माई

मी ५८ वर्षांची. पाळी ४३व्या वर्षीच गेली. गेल्या वर्षी काचबिंदू निघाला, आईला नव्हता, कुणालाच नव्हता. वर इस्ट्राडायोल पेशींना वाचवतं असं लिहिलंय. म्हणजे माझं पाळी लवकर जाण्याशी काही नातं असेल का? डॉक्टरांना विचारायला संकोच वाटला. डोळ्याच्या डॉक्टरांना पाळीचं काय सांगायचं.

---

गोदाकाठची

माई, जरूर सांगा, संकोच नको. नेदरलँडमधल्या रॉटरडॅम शहरात झालेल्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २००१ साली आला : ज्यांची पाळी ४५च्या आधी गेली त्यांच्यात काचबिंदू जास्त आढळला, ५० नंतर गेलेल्यांच्या तुलनेत. गँग्लियन पेशींवर इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात, त्यामुळे नातं असणं समजण्यासारखं आहे. पण पाहणीत दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही, आणि तुमच्या एकटीच्या बाबतीत "यामुळेच" असं कुणीही म्हणू शकणार नाही. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी डोळ्याचं प्रेशर उतरतं का हेही अमेरिकेत तपासलं गेलं, फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा निघाला. काचबिंदूसाठी म्हणून इस्ट्रोजेन घ्यावं इतकं ते नाही. तुमचे ड्रॉप्स वेळच्या वेळी घाला, त्यांनी प्रेशर उतरतं हे मात्र पक्कं आहे.

---

चष्मेवाली

माई, ड्रॉप घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दोन मिनिटं दाबून ठेवता का? नसाल तर आजपासून ठेवा. औषध घशात उतरत नाही, डोळ्यातच राहतं.

---

माई

नव्हते ठेवत. कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी पाळीचंही सांगते.

---

अक्षरवेडा

मी गेलं वर्षभर कोलेस्टेरॉलची गोळी घेतोय. रेटिनाचा कच्चा मालच कोलेस्टेरॉल असेल तर ती गोळी बंद करू का? आणि ऑनलाइन प्रेग्नेनोलोनच्या कॅप्सूल दिसतात, "मेंदू आणि डोळ्यांसाठी". घेऊन पाहाव्या का?

---

गोदाकाठची

गोळी बंद करू नका! रेटिना स्वतःचं कोलेस्टेरॉल बऱ्याच अंशी स्वतः बनवतो, शिवाय रक्तातूनही उचलतो. तुमची गोळी हृदयाच्या रक्तवाहिन्या सांभाळतेय, तिला हात लावायचा तो तुमच्या डॉक्टरांनीच.

कॅप्सूलबद्दल तर हात जोडून सांगते, नको. वर ॲक्सिलरेटर आणि ब्रेक लिहिलं ते आठवा. दोघांची आई एकच. तुम्ही बाहेरून आई पाठवलीत, तर ती शरीरात कुठे, कोणत्या वाटेने जाईल हे तुमच्या हातात नाही. पेशी हा निर्णय जागच्या जागी, कोणतं एन्झाइम किती आहे त्यावर घेते. आणि गिळलेली कॅप्सूल आधी यकृतात जाते, डोळ्यात नाही.

---

सातपूरकर

खूप दिवस वाचतो, पहिल्यांदा लिहितोय. वय ३९, सातपूरला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, शिफ्ट फिरती. दोन महिन्यांपूर्वी नाइटला ड्रॉइंग वाचताना उजव्या डोळ्यासमोर मध्यभागी रुपयाच्या नाण्याएवढा करडा-तपकिरी डाग. आधी वाटलं लाइट खराब. मग डावा डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहिलं, सरळ रेघ मधे वाकलेली. मोजमापाचं काम माझं, रेघ वाकडी दिसली की पोटात गोळा येतो. तपासलं, पडद्याखाली पाणी साचलंय म्हणाले. स्कॅनवर पडदा तव्यावरच्या पोळीसारखा फुगलेला. डॉक्टरांनी विचारलं स्टिरॉइड घेता का. मी नाही म्हणालो. जिमला पण जात नाही. हा धागा वाचून आज आठवलं, सर्दीसाठी नाकात मारायचा स्प्रे दोन वर्षं रोज घेतोय. ते स्टिरॉइड असतं का?

---

चष्मेवाली

दादा, बहुतेक रोजच्या ॲलर्जीच्या स्प्रेमध्ये असतंच. बाटलीवर 'फ्लुटिकासोन', 'मोमेटासोन' किंवा 'बुडेसोनाइड' असं काही लिहिलंय का बघा. उद्याच डॉक्टरांना फोन करून सांगा. तुमचा आजार आणि कॉर्टिसोलच्या जातीची स्टिरॉइड्स यांचं नातं जुनं आहे, गोळी, इंजेक्शन, स्प्रे, त्वचेचं मलम, कशानेही. तिशी ते पन्नाशीतल्या पुरुषांत जास्त दिसतो.

आणि इतर वाचणाऱ्यांसाठी : दम्याचा पंप किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या असतील तर हे वाचून स्वतःहून थांबवू नका. गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर ॲड्रिनल ग्रंथी आळसावलेल्या असतात, एकदम बंद केलं तर जिवावर बेततं.

---

सातपूरकर

मोमेटासोन लिहिलंय. दोन वर्षं नाकात काय मारतोय ते माहीत नव्हतं.

---

गोदाकाठची

सातपूरकर, स्वतःला दोष देऊ नका. "स्टिरॉइड घेता का" या प्रश्नात स्प्रे, मलम, पंप हे सगळं येतं, हे विचारणाऱ्याने सांगायला हवं.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण तुम्ही वाचायला लागाल आणि ती समोर येईल. पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांवर कॉर्टिसोल 'मिनरलोकॉर्टिकॉइड' रिसेप्टरमार्फत काम करतं, म्हणून तो रिसेप्टर अडवणारं एप्लेरेनोन हे औषध या आजारावर चालेल असं सगळ्यांना वाटलं होतं. बरेच डॉक्टर देतही होते. मग ब्रिटनमध्ये रीतसर चाचणी झाली, २०२० साली निकाल आला : साध्या खोट्या गोळीपेक्षा काहीच जास्त उपयोग नाही. रसायनशास्त्र कागदावर कितीही चोख जुळलं तरी डोळा ते मानेलच असं नाही. मला हा निकाल वर्गात सांगताना दर वेळी थोडं गप्प व्हायला होतं.

तुमच्या बाजूची बातमी ही की हे पाणी बऱ्याच जणांचं तीन-चार महिन्यांत आपसूक जिरतं.

---

दिंडोरीचा द्राक्षवाला

सातपूरकर, शिफ्ट बदलून मिळते का बघा. झोप होऊ द्या.

---

चष्मेवाली

हो. झोप मोडली, ताण वाढला की शरीरातलं स्वतःचं कॉर्टिसोलही चढतं. दादांचं बरोबर आहे.

---

गोदाकाठची *(सात आठवड्यांनी)*

वडिलांची तपासणी झाली. स्कॅनवर सूज निम्म्याहून कमी झालीय, पेपरमधली बारीक अक्षरं परवा चष्म्याने वाचली. आणि प्रेशर १५ होतं ते २६ झालंय. डॉक्टरांनी लगेच ड्रॉप्स सुरू केले, नस शाबूत आहे म्हणाले, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. चष्मेवाली, तारखेच्या दिवशी घरी लग्नाचे पाहुणे होते, वडील "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणत होते. तुमचा तो प्रतिसाद मी त्यांना मोबाईलवर वाचायला दिला. मग स्वतःच चपला घालून निघाले.

---

सातपूरकर

माझं पण सांगतो. डॉक्टरांनी स्प्रे बंद करून दुसरं औषध दिलं, कंपनीने दोन महिने डे शिफ्ट दिली. काल स्कॅन झाला, पाण्याची थोडीशी रेघ राहिलीय फक्त. रंग अजून उजव्या डोळ्याने जरा फिके दिसतात. आज सकाळी डावा डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहिलं. सरळ आहे.